कळांआधीची माफी

(लाओसच्या डोंगरातलं एक ह्मोंग गाव. दुपार. ब्लिया अंगणात मक्याची वाळलेली कणसं सोलत बसली आहे. तिची सून, मुलगा नेंगची बायको पाकू, दिवस भरत आलेली, पाण्याची वाटी हातात धरून समोर उभी आहे.)

ब्लिया : ती वाटी खाली ठेव आधी. निम्मं पाणी पायावर सांडलंस.

पाकू : तुम्ही बोटं बुडवा, मग ठेवते.

ब्लिया : कळा सुरू झाल्यात?

पाकू : नाही.

ब्लिया : कंबर भरून आलीय? ओटीपोटात दुखतंय?

पाकू : काही नाही. सकाळी नर्सबाई तपासून गेल्या. डोकं खाली आहे, ठोके चांगले आहेत, अजून आठवडाभर तरी जाईल म्हणाल्या. दुखायला लागलं की बोलवा, मी येते म्हणाल्या.

ब्लिया : मग हे काय नवीन? मोठ्यांची बोटं धुवायची ती अडलेल्या बाईनं. तू आत्ताच दोन वाट्या भात खाऊन उठलीस.

पाकू : शेजारची जुआ अडली होती ना आई, दीड दिवस. सासूला उलट बोलली होती, आणि ते कोणाच्या ध्यानातच आलं नाही. शेवटी तिच्या नवऱ्याला आठवलं. मग वाटी आणली, सासूची बोटं धुतली, ते पाणी ती प्यायली, सासू म्हणाली माफ केलं, आणि तासाभरात पोरगी झाली. जुआनं स्वतः सांगितलंय मला. तो दीड दिवस मी मरत होते म्हणाली.

ब्लिया : जुआ भाजी चिरताना बोट कापलं तरी मरतच असते.

पाकू : तुम्हाला हसू येतंय. मला रात्र रात्र झोप नाही. कूस बदलताना पोटात जरा ओढ बसली तरी वाटतं, आली. आता मी अडणार. म्हणून म्हटलं आधीच उरकून घेऊ. एकदा कळा सुरू झाल्यावर मला आठवणार आहे का, कधी काय केलं ते? आत्ता सगळं सांगते, तुम्ही माफ करा, मी पाणी पिते. मोकळी होते.

ब्लिया : ताप यायच्या आधीच काढा पिणारी तू पहिलीच गं बाई. बस. वाकून नको, त्या ओंडक्यावर बस. आणि बोल, काय काय केलंस माझं?

पाकू : खरंच बोलू?

ब्लिया : दोन कणसं सोलून होईपर्यंत ऐकते.

पाकू : आल्याच्या काढणीला मी पाठ धरली म्हणून घरी आले होते. पाठ धरली नव्हती. कंटाळा आला होता.

ब्लिया : चौथा महिना होता तुला. कंटाळा येतोच. माफ.

पाकू : माझ्या आईला सांगितलं, की तुमच्या हातचं सगळं खारट असतं.

ब्लिया : असतं. तुझ्या सासऱ्यांना तसंच लागतं. माफ. पुढे.

पाकू : माझ्या बाळंतपणाच्या तीस दिवसांसाठी तुम्ही कोंबड्या राखून ठेवल्यात ना. त्यातली ठिपक्यांची रानमांजरानं नेली म्हणाले होते मी. म्हणजे नेली मांजरानंच, पण खुराड्याचं दार मीच उघडं टाकलं होतं.

ब्लिया : रानमांजराला कडी काढता येत नाही, एवढं मलाही कळतं. आता बाळंतपणात एक दिवस नुसता भात खा. तीच शिक्षा. माफ.

पाकू : तुम्ही असं भराभरा म्हणता, ते मोजलं जातं का?

ब्लिया : मोजणारा वर बसलाय, त्याला विचार. झालं का?

पाकू : एक आहे अजून.

ब्लिया : मग सांग की. हे दुसरं कणीस संपत आलं.

पाकू : नववर्षाला पाहुणे आले होते. थोरल्या आत्या तुमचं कौतुक करत होत्या, की नेंगच्या वेळी ब्लियानं तोंडातून ब्र काढला नाही, शेजारच्या घराला कळलंसुद्धा नाही मूल झालेलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आता हिचं बघू, असं. आणि मी... मी हसून म्हटलं, दगडाला कुठे कळा येतात.

ब्लिया : हं.

पाकू : तुम्ही भिंतीपलीकडे होतात. मला नंतर कळलं. तांदूळ पाखडत होतात, तो आवाज एकदम थांबला.

ब्लिया : हं.

पाकू : तेव्हापासून तुम्ही माझ्याशी कामापुरतं बोलता. चूल पेटव, पाणी आण. चार महिने झाले, आई. मी घाबरले होते म्हणून बोलून गेले. त्या सगळ्या बघत होत्या आणि मला आतून माहीत होतं, की मला जमणार नाही. मला काटा रुतला तरी आवाज निघतो. तुमच्या घरात मी ओरडणार आणि सगळं गाव हसणार. त्या रागात तुम्हालाच बोलले.

ब्लिया : हे कणीस ठेवते बाजूला.

पाकू : तुम्ही माफ नाही म्हणालात.

ब्लिया : कणीस किडकं निघालं हे.

पाकू : आई.

नेंग : आई, कुदळ कुठे ठेवलीयस?

ब्लिया : आता तू काय काढलंस?

नेंग : वार पुरायला खड्डा खणून ठेवतो म्हटलं. ऐन वेळी धावपळ नको. खांबापाशी खणू, का खाटेखाली?

ब्लिया : मुलाची खांबापाशी, मुलीची खाटेखाली. बापाला एवढंही माहीत नाही होय?

नेंग : ते माहीत आहे. होणार काय ते माहीत नाही. दोन्हीकडे खणू का?

ब्लिया : आज या घरात सगळ्यांनाच सगळं आधी करून ठेवायचंय. लाकडं फोड जा. त्याला मुलगा-मुलगी लागत नाही.

नेंग : पाकू, तू रडतेयस?

पाकू : नाही.

नेंग : आई, तू काही बोललीस का तिला?

ब्लिया : नाही बोलले. त्याचंच रडू आहे. जा तू.

नेंग : काय झालंय ते तरी सांगा कोणीतरी.

ब्लिया : बायकांचं आहे. लाकडं बारीक फोड, पाणी लवकर तापायला हवं.

पाकू : तो गेला. आता तरी म्हणा. खोटं म्हटलंत तरी चालेल.

ब्लिया : खोट्यानं चालत असतं तर माझंही चाललं असतं.

पाकू : तुमचं?

ब्लिया : नेंगच्या वेळी मी अडले होते. हे तुला थोरल्या वन्संनी नाही सांगितलं. त्या तेव्हा त्यांच्या सासरी होत्या, त्यांना फक्त ऐकीव गोष्ट माहीत. पहाटे कळा सुरू झाल्या. दुपार झाली, दिवस कलला, तरी काही पुढे सरकेना. तेव्हा नर्सबाई नव्हत्या इथे. तुझ्या सासऱ्यांनी विचारलं, कोणाचा अपराध केलायस का. मी म्हटलं, तुमच्या आईचा.

पाकू : तुम्ही? काय केलं होतं?

ब्लिया : माझी आई आजारी होती. मी न विचारता माहेरी गेले. विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती. तीन दिवस राहून आले. तेवढंच. तर हे वाटी घेऊन म्हातारीपुढे गेले. ती चुलीपाशी बसली होती. तिनं दोन्ही हात कमरेच्या पट्ट्यात खुपसले, ते बाहेर काढलेच नाहीत. तीनदा गेले हे. तिसऱ्यांदा वाटीतलं पाणी बदलून गेले, की पाणी गार झालं म्हणून नको म्हणत असेल.

पाकू : आणि तुम्हाला दिसत होतं हे?

ब्लिया : मधे काय, बांबूची ताटी. फटीतून मला तिची पाठ दिसत होती. तेव्हा मी डोक्याचं फडकं काढलं आणि दातांत धरलं. धीर म्हणून नाही गं. तिला ऐकू जायला नको म्हणून. म्हटलं, तू बोटं देत नाहीस ना, मग माझा आवाजही तुला मिळायचा नाही. अंधार पडता पडता नेंग झाला. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, ब्लियानं ब्र काढला नाही. कौतुकच कौतुक. माझे दोन दात हलत होते, ते कोणाला दिसले नाहीत.

पाकू : म्हणजे त्यांनी माफ केलंच नाही?

ब्लिया : नाही.

पाकू : तरी नेंग झाला.

ब्लिया : झाला की. आत्ताच तुझ्यासमोर आला होता, कुदळ शोधत.

पाकू : मग या वाटीचा काय उपयोग? जुआचं आपलं तसंच व्हायचं होतं म्हणून झालं?

ब्लिया : ते मला माहीत नाही. मी काही भगत नाही. पण एवढं सांगते, कळा मी विसरले. सगळ्याच बायका विसरतात, नाहीतर दुसरं मूल कोणाला झालं नसतं. ती पाठ मी विसरले नाही. या घरात माझ्या बाजूची एकही बाई नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दुखण्यापेक्षा ते वाईट होतं.

पाकू : नंतर कधी धुतलीत का त्यांची बोटं?

ब्लिया : धुतली. नेंग पाच वर्षांचा होता. ती गेली, तेव्हा आंघोळ घालताना. एकेक बोट धुतलं. तेव्हा तिनं हात मागे घेतला नाही.

पाकू : आई...

ब्लिया : रडू नकोस, अजून सांगायचंय मला. तू वाटी घेऊन आलीस, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं का बोलू. म्हटलं, आली बाई आपलीही पाळी. आल्याचं माफ, कोंबडीचं माफ, ते सगळं गमतीनं चाललं होतं. पण तू ते दगडाचं काढलंस, आणि मला वाटलं, राहू दे हिला जरा तशीच. एक दिवस, दोन दिवस. माझी वाट बघू दे. आणि मघाशी तू आई म्हणालीस ना, तेव्हा माझं लक्ष गेलं, की माझे हात कुठे आहेत.

पाकू : कुठे होते?

ब्लिया : कणीस बाजूला ठेवलं होतं मी. हात पट्ट्यात होते.

पाकू : मला नाही दिसलं.

ब्लिया : मला दिसलं. आण ती वाटी इकडे.

पाकू : हे पाणी बदलून आणू का? यात कचरा पडलाय.

ब्लिया : माझ्याच बोटांना मक्याचे तंतू लागलेत, त्यापुढे तो कचरा काय. पण आण, दुसरं आण. हे प्यायलीस तर पोट बिघडेल आणि म्हणशील कळा आल्या. उकळलेलं आण, माठाशेजारच्या किटलीतलं. सावकाश जा.

पाकू : आणलं.

ब्लिया : धू.

पाकू : तुमची बोटं किती गरम आहेत.

ब्लिया : उन्हात बसलेय सकाळपासून. हं, पी. दगडाचं माफ केलं. मनापासून केलं, मोजून घे. आणि तू मला माफ कर.

पाकू : तुम्हाला? असं कुठे असतं?

ब्लिया : नसतं. पण चार महिने मी तोंड फिरवून बसले, तुझे हे दिवस असताना. तुला भीती वाटतेय हे मला दिसत होतं. विचारलं नाही. कर माफ.

पाकू : केलं. मोजणाऱ्यानं मोजलं असेल.

ब्लिया : आता जाऊन पड थोडी.

पाकू : एक विचारू? खरं सांगाल? कसं दुखतं ते?

ब्लिया : खूप दुखतं.

पाकू : जुआ म्हणते कंबर मोडून निघते.

ब्लिया : तसंही वाटतं. पण जुआ अर्धंच सांगते. लाकडाची मोळी पाठीवर घेऊन चढ चढतेस ना, तसं आहे. चढताना वाटतं आता पाऊल उचलायचं नाही. मग सपाट जागा येते, मोळी टेकवून तू श्वास घेतेस. कळ येते आणि जाते. गेली की मधे उसंत असते, अगदी सुरुवातीला तर चांगली मोठी. त्यात पाणी प्यायचं, डोळे मिटायचे. पुढची कधी येईल याचा विचार त्या उसंतीत करायचा नाही. मी तो केला, म्हणून मला एकसुद्धा उसंत मिळाली नाही.

पाकू : हे मला कोणीच सांगितलं नाही.

ब्लिया : कोण सांगणार? आम्ही सगळ्या गप्प बसणाऱ्या. आणि पाठ चोळायला मी आहे. नेंगला सांगू, वरच्या तुळईला दोर बांधून देईल तो, ओढायला बरा पडतो. नर्सबाई येतीलच.

पाकू : तुम्ही आत थांबाल ना? ताटीच्या अलीकडे?

ब्लिया : तुझ्या उशाशी थांबेन. हलणार नाही.

पाकू : पण आई, मी ओरडेन. मला माहीत आहे. तुमच्यासारखं फडकं धरायचं म्हटलं तरी मला नाही जमायचं.

ब्लिया : फडकं मी तुझ्या हातात येऊच देणार नाही. ओरड.

पाकू : थोरल्या आत्यांच्या कानावर जाईल. खालच्या आळीपर्यंत आवाज जाईल. दुसऱ्या दिवशी सगळ्या दारात येऊन विचारतील, रात्रभर कोण एवढं ओरडत होतं.

ब्लिया : विचारू देत. मी सांगेन, मीच ओरडत होते. माझं राहिलं होतं.