पडद्यावरचे सर

ऋतुराज : बहिणीच्या लग्नात आहेराला टॉवेल पायजेत म्हणून सांगोल्याहून आलो. अन् बघतो तर गल्ल्यावर तुमीच! सर, दुकान तुमचं हाय व्हय?

राजशेखर सर : मेव्हण्याचं आहे. मी बसतो. ये की आत. कुठले दाखवू?

ऋतुराज : दाखवा कुटलेबी. कॉलेज सुटलं की येता व्हय हितं?

राजशेखर सर : कॉलेजात नाही मी आता. जूनपासून.

ऋतुराज : आसं कसं? रोज पडद्यावर तुमीच शिकवताय की आमाला. आमाला वाटलं, सर आता मोठे झाले, नुस्तं रेकॉर्डिंग करत्यात.

राजशेखर सर : ते उन्हाळ्यातलं. प्राचार्यांनी बोलावलं, म्हणाले, संख्याशास्त्र तुमच्याकडूनच मुलांना कळतं. अख्खा अभ्यासक्रम कॅमेऱ्यापुढं शिकवा, नव्या पोर्टलवर टाकू. मी तासिका तत्त्वावरचा माणूस. वाटलं, आता तरी कायम करतील. सुट्टीभर रिकाम्या वर्गात उभा राहून बोललो. बायकोनं, लीलानं, त्यासाठी नवा शर्ट आणला.

ऋतुराज : त्यो निळा. लई चांगला दिसतो.

राजशेखर सर : जूनमध्ये नेमणुकीचं विचारायला गेलो. चहा दिला त्यांनी. म्हणाले, "तुमचा विषय आता पोर्टलवर आहे, सर. परत तास कशाला?"

ऋतुराज : मग काढून टाका म्हणायचं की ते सगळं.

राजशेखर सर : म्हणालो. ती कॉलेजची मालमत्ता झाली म्हणे.

ऋतुराज : आमाला कुणीच सांगितलं न्हाय, सर. शिपाई येतो, प्रोजेक्टर लावतो अन् दार वढून घेतो. हजेरी मोबाईलवर आपोआप लागती.

राजशेखर सर : मुलं बसतात का पण?

ऋतुराज : हजेरीपुरती.

राजशेखर सर : आणि कळतं का काही?

(ऋतुराज हातातला टॉवेल पुन्हा घडी घालून ठेवतो.)

ऋतुराज : उदाहरण संपलं की तुमी थांबता. "कुणाला शंका?" म्हणता अन् वर्गाकडं बघता.

राजशेखर सर : हो. समोर कुणी नसायचं, तरी थांबायचो. सवय.

ऋतुराज : काल आमच्या वर्गातल्या संस्कृतीनं हात वर केला. समोर पडदा हाय, हे इसरलीच ती.

राजशेखर सर : मग?

ऋतुराज : तुमी तिच्याकडंच बघत होता, सर. मग फळा पुसलात.