इंधनपंपाची निवड

सुट्या भागांच्या दुकानात माझा क्रमांक येण्याची प्रतीक्षा करीत मी उभा होतो. पुढे एक तरुण व त्याची थोरली बहीण आपल्या जुन्या मोटारीसाठी इंधनपंप निवडीत होती.

“ताई, हाच घेऊ. सगळ्यात जास्त दाबाचा आहे.”

“डोक्यात भुसा भरलाय का तुझ्या? आपल्या गाडीला जुना कार्बोरेटर आहे. एवढा दाब त्याला झेपेल का?”

“थोडं पेट्रोल उतू जाईल, एवढंच.”

“तापलेल्या इंजिनावर! मागच्या वेळी भडका उडाला, तेव्हा माझ्या भुवया जळाल्या.”

“आल्या की परत.”

“निर्लज्जा! गाडी चालवणार मी, आणि तू लांब उभा राहून व्हिडिओ काढणार.”

“पण गाडी बांधली कोणी? मीच ना?”

“मग या वेळी माझ्या शेजारी बस.”

“मी? आतून व्हिडिओ नीट येत नाही गं.”

“बसणार की नाही?”

दुकानदार तो पंप खोक्यात भरू लागला, तोच तरुणाने त्याला अडवले.

“थांबा हो काका. जुन्या कार्बोरेटरला चालेल असा, कमी दाबाचा दाखवा.”

“मी एकटी बसणार होते तेव्हा मोठा चालत होता, नाही का रे?”