जवाब नाही आला तं डिफॉल्ट

...नाही, मले सांगा, चावी द्यायले किती वेळ लागते? करदोड्याची गाठ सोडली, टेबलावर ठेवली, झालं. मी चावी द्यायलेच गेल्तो, महागावले, आमच्या संस्थेच्या हापिसात. रिटायर होऊन दोन वर्स झाले, पन टेपच्या कपाटाची चावी अजून माह्याच कमरेले! सकाळी दहाले गेलो, अन् बाराले मले फुलसावंगीले पोचाचं व्हतं. नातीची, राखीची सोयरीक. पाव्हने पांढरकवड्याचे. अन् आमच्या घरची रीत अशी का गुळ वाटला का सोयरीक पक्की, अन् पयला खडा पोरीच्या आजानं द्याचा. म्हंजे मी. मी नाही तं गुळ नाही, गुळ नाही तं सोयरीक नाही.

तं साहेब म्हनते, "भीमसिंग, आलाच हायेस तं बस. टेपच्या मशीनवरची बबिता मॅडम बाळंतपनाले गेली. पुन्याच्या इंजिनेराचा फोन येईन, तो सांगन ते बटन दाब. पाच मिनिटाचं काम हाय." अन् साहेब मीटिंगले पसार.

आता ते मशीन म्हंजे काय, तं एक डब्बा. त्यात चौकोनी टेप जाते, अन् त्या टेपेत तीस वर्साच्या पोराईचे मार्क. कंप्युटर नवीन आनला तं तो अन् हा डब्बा एकमेकाशी बोलेना, म्हनून मधात एक दुभाषा टाकला, त्याले म्हनते ड्रायव्हर. अन् त्या ड्रायव्हरले शिकवा लागते, का टेप आली का काय कराचं, काय नाही कराचं. हे शिकवाचं कोनं? चवथी नापास भीमसिंगनं!

फोनवरचा इंजिनेर, ओम त्याचं नाव, लय गोड बोले. "काका, ते बारा प्रश्न विचारेल. प्रत्येकाला तीस सेकंद. उत्तर नाही आलं तर डिफॉल्ट घेईल."

"ते काय असते?"

"म्हणजे तुम्ही काही बोलला नाहीत तर ते आपलं आपण ठरवतं."

"काय ठरवते?"

"टेप सुरुवातीला गुंडाळायची, आणि जुन्यावर नवीन लिहायचं."

घ्या. तीस वर्साचे पास झालेले लोक, डाक्टर, मास्तर, सगळे पुसून साफ. मी म्हनलं, टेपच बाहेर काढतो ना बाप्पा. तं म्हनते, "टेप आत नसेल तर ते प्रश्नच विचारत नाही, काका. आणि मधेच ओढली तर तुटेल. जागचे हलू नका."

हलतो कायले? फोन जुना, चार्जर लावल्याबिगर चालत नाही, वायर हातभर. भिंतीले गाल लावून, एका हातानं फोन, दुसऱ्यानं बटनं... तुमाले सांगतो, बांधलेला बैलही मान हलवते.

अन् इंग्रजीतले मले दोनच अक्षरं येते. एम अन् एच. जिल्ह्यातल्या सगळ्या गाड्याईवर राह्यते ना, एमएच एकोनतीस. तं ओम म्हनते, "एच येतो ना? त्याची मधली दांडी तिरपी करा, झाला एन, म्हणजे नाही." सापडला! दाबला! "शाब्बास काका. आता वाय, म्हणजे हो. गुलेलीसारखा असतो. लहानपणी गुलेल होती का?"

"आताही हाय," म्हनलं.

पन गुलेल सापडेपर्यंत तीस सेकंद खलास. जवाब नाही आला तं डिफॉल्ट. पुसाचं काम शेवटी, म्हनून एक चुकला का ओम रद्द कराले लावे, अन् बाराही पयल्यापासून. एकदा सहाव्यावर गेलो, एकदा नवव्यावर, एकदा बाराव्यावर मले शिंक आली. शिंकेले तीस सेकंद लागते का हो? माह्या शिंकेले लागते.

खिडकीतून साडेदहाची यष्टी गेली. साडेअकराची गेली. फोनात टूक टूक वाजून राह्यलं, सुखीबाईचा फोन, माह्या बायकोचा. ओम म्हनते, "काका, तो घेऊ नका, कट झाला तर पुन्हा पहिल्यापासून." सात वेळ टूक टूक झालं. सातही वेळ मी भिंतीकडं पाह्यलं.

दोन वाजता ओम म्हनते, "झालं काका. पाच मिनिटांचं काम होतं."

साडेतीनले मांडवात पोचलो तं सगळ्याईचे तोंडं गोड. अन् माह्या जागेवर, गुळाचं ताट मांडीवर घेऊन, कोन? खेमसिंग. माहा चुलतभाऊ. चाळीस वर्सापासून मानूस माही जागा धरून बसाची वाट पाहून राह्यला. सुखीबाई म्हने, "सात फोन केले. पाव्हन्याईले दूर जाचं. तांड्याच्या नायकानं तीन वेळ विचारलं, आजा कुठी हाय? कोनीच बोलेना. मंग खेमसिंग उठला."

जवाब नाही आला तं डिफॉल्ट.

राखीनं एक खडा आनून देल्ला. "आजा, हा तुमच्यासाटी ठेवला व्हता." तोंडात टाकला अन् आल्याआल्या चार्जरले लावलेला माहा फोन वाजला. ओम. हात चिकट, म्हनून राखीनंच स्पीकर लावला. "काका, तिकडे लाइट गेली होती. टेप शाबूत आहे, पण सेटिंग सगळं गेलं. बाराही प्रश्न पुन्हा, आणि त्यासाठी कपाट उघडून दुसरी टेप घ्यावी लागेल. साहेब म्हणतात, चावी अजून तुमच्याकडेच आहे."

कमरेले हात लावला. हाय. तितंच हाय.

म्हनलं, आता आपन चूप. मनातल्या मनात मोजाले लागलो... अठ्ठावीस, एकोनतीस, तीस.

अन् खेमसिंग फोनाकडं वाकला, तोंडात माहा गुळ, अन् म्हनते, "येईन ना भीमसिंग उद्या सकाळी. त्याले कोनतं काम हाय?"