बाबा बर्फावर बसलेत

हॅलो?... हॅलो, सिग्ने ताई? ऐकू येतंय?... हो, सापडले. बाबा सापडले... अगं हो, जिवंत आहेत. जिवंत आणि चिडलेले. म्हणजे नेहमीसारखेच.

कुठे म्हणजे? बर्फावर. हिमनदीच्या मधोमध... नाही, पडले नाहीत. बसलेत. बादली उपडी घालून त्यावर बसलेत आणि धुरी दिलेला सॅमन मासा खातायत... बादली घरूनच आणलीय... मला काय माहीत कशाला? एकोणऐंशी वर्षांचा माणूस एकटा हिमनदीवर जातो ना, तेव्हा बादलीबद्दल सगळ्यात शेवटी विचारायचं असतं, ताई.

हो... हो... अगं ऐक ना. रडू नकोस... बरं, रडत नाहीयेस. सर्दी झालीय. ठीक.

बुटांना काटे लावलेत, हो. तेच ते गंजके. काठीही आहे. डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा आहे, 'चढउतार टाळावा' वाली. मासा त्यातच बांधून आणलाय.

गाइड?... चाळीस वर्षं हाच माणूस लोकांना इथे फिरवत होता. त्याने गाइड घ्यायचा?

नाही, मी ओरडलो नाही... तुझ्या वतीने थोडा ओरडलो.

हॅलो?... हॅलो?... हां, आली रेंज. आता हलत नाही. एका पायावर उभा आहे, दुसरा टेकवला की तू जातेस.

तर कारण ऐक. सोमवारी तू त्यांना अँकरेजला न्यायला येणार ना, त्या लिफ्टवाल्या घरात... हो, तुझ्या शेजारीच आहे, माहितेय. तर बाबांनी परीक्षा ठेवलीय. स्वतःची. कुणालाही न विचारता इथल्या बर्फावरच्या निळ्या तळ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. जमलं, तर इथलं, मॅकार्थीतलं घर सोडायचं नाही. नाही जमलं, तर सोमवारी मुकाट्याने तुझ्या गाडीत बसायचं... मला कुठे सांगितलं होतं! आत्ता कळलं. टेबलावर नुसती चिठ्ठी, 'बर्फावर जातो. दोनपर्यंत येतो.' आणि बाबांचे दोन म्हणजे दोन. तीन वाजले तशी मी काटे बांधले.

तळं?... नाही मिळालं.

मी पोचलो तेव्हा एक जोडपं होतं इथे. सँडल घालून आलेलं. बाबा त्यांना हाकलत होते. त्या बाईने विचारलं, 'तुम्ही गाइड आहात का?' बाबा म्हणाले, 'नाही. मी हरवलोय.' ती खूप हसली. मीही हसलो.

बाबा नाही हसले.

ताई?... आहेस ना?

हो. 'रस्ता सापडत नाही' म्हणाले. दोनदा. तू कधी ऐकलंयस त्यांच्या तोंडून?... मीही नाही.

पण ऐक. हळू बोलतो. ते तळं नाहीचये... नाहीच म्हणजे नाही. जुलैत फुटलं, सगळं पाणी बर्फाखालून निघून गेलं. गाइड पोरी दुकानात सांगत होत्या, आता त्यासुद्धा भलतीकडूनच जातात. म्हणजे बाबा हरवलेच नाहीत. तळं हरवलंय... नाही, अजून सांगितलं नाही. म्हणून तर तुला फोन केला. मी गप्प बसलो, तर सोमवारी ते बॅग घेऊन दारात उभे असतील. सांगितलं, तर तुझं सगळं ठरवलेलं फिसकटलं... कर, विचार कर. मी आहे इथे. एका पायावर.

...

काय?... परत बोल... नक्की?... बरं. नाही, बरोबर आहे तुझं. असं फसवून नाही न्यायचं... ताई, कधीकधी तू फार चांगली असतेस. सर्दीत जास्त.

थांब हं.

बाबा! ओ बाबा! तळं जुलैत फुटलं! नाहीचये ते! तुम्ही चुकला नाहीत!

...

हॅलो? आहेस?... सांगितलं. आधी मासा संपवला त्यांनी. मग म्हणाले, 'तळी दरवर्षी फुटतात. फुटलं हे पाण्याच्या आवाजावरून कळायला हवं होतं. तेच तर गाइडचं काम. तळं दाखवणं काय, कुणीही दाखवेल.'... अगं, मीही तेच म्हटलं, वयाने कान जातात, त्यात काय एवढं. तर म्हणाले, 'त्यात तेवढंच.'

दुःखी?... नाही गं. कसं सांगू... मोकळे दिसतायत. निरोप आहे तुला. सोमवारी नऊला ये, साडेनऊला नको. आणि लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाहीत, जिन्याने जाणार. कितवा मजला?... पाचवा. बरं. ते तुमचं तुम्ही बघा.

काय बाबा?... थांब ताई, काहीतरी म्हणतायत.

...

ताई, ते म्हणतायत, 'एमिल, तू पुढे हो.'... अगं, मला! पुढे!... आयुष्यात बर्फावर कुणाला पुढे जाऊ दिलंय त्यांनी? आईलाही नाही... पण मला रस्ता कुठे येतो? येताना मी त्यांच्या काट्यांचे ठसे बघत आलो. ऊन लागून तेही मिटले... विचारलं ना. म्हणाले, 'मलाही येत नाही. चल.'

हो... हो. पांढऱ्या बर्फावर पाय, ओल्या निळ्यावर नाही. आधी काठी, मग पाय... हो, आवाज पण ऐकतो पाण्याचा... भीती? वाटतेय थोडी.

नाही ताई, आता ठेवतो. बोलत बोलत नाही चालता येणार. मागे माणूस आहे.