घोडीचं आजोळ

जनावरांच्या दवाखान्यात शिक्षिकेच्या मांजराचा नंबर पुकारला, तेव्हा शेजारच्या बाकावर म्हातारा घोडेवाला आणि टांगेवाली यांची चांगलीच जुंपली होती. शिक्षिकेने मागच्या माणसाला पुढे धाडलं आणि ती बसून राहिली.

“घोडा-घोडी दोघांच्या केसांची तपासणी करून कागद आण म्हणालात, आणला. आता तरी तुमचा घोडा माझ्या घोडीला लावा, काका. वय झालंय तिचं. यंदा शिंगरू झालं तर झालं.”

“माझ्या घोड्याच्या सात पिढ्या तोंडपाठ आहेत मला. तुझ्या घोडीचं घराणं कुठलं?”

“सातही बापच ना? आयांची नावं सांगा.”

“आयांची कोण लिहून ठेवतं?”

“अंगातच लिहिलेली असतात. डॉक्टर म्हणाले, पेशींतला एक वारसा पोरांना फक्त आईकडून येतो, तोच केसांतून तपासला. तुमच्या घोड्याचं आणि माझ्या घोडीचं आजोळ एकच निघालंय. हा कागद वाचा.”

“चष्मा नाही.”

“कपाळावर आहे.”

“अरेच्चा! म्हणजे भावंडं की ही. मग तर नकोच!”

“ती आई हजारो वर्षांपूर्वीची, काका. इतकं मागे गेलं तर तुमचं-माझंही आजोळ एकच निघेल.”

“माझं? टांगेवाल्यांशी?”

“हट्ट तरी सारखाच आहे.”

म्हाताऱ्याने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. शिक्षिकेने म्यांव करणाऱ्या मांजराला दटावलं.

“उद्या सकाळी सातला घेऊन ये.”

“येते, काका.”

“आणि नीट खरारा करून आण. आमच्या घराण्यातली आहे, चार लोकांत दिसायला हवी.”