तीन ड्यूट्या, एक कादंबरी

अजूनही आठवलं तर छातीत धस्स होते, बाप्पा! पोलादाचा प्लांट उभा होऊन राहिला होता तेव्हाची गोष्ट. भिलाईत मराठी पुस्तक मुश्किलीनं भेटे, अन् विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती. म्हणून हेडक्लार्क साहेबांच्या हातापाया पडून मी एक जाडी कादंबरी मागून आणली. साहेब म्हणाले, "एक पान जरी दुमडलं, तर याद राख."

क्वार्टरात आम्ही तिघं राहत होतो. दुसऱ्या दिवशी ड्यूटी करून आलो, तर खाटेवर कादंबरीचे तीन तुकडे! आमच्यातला नामदेव फिटर हॅक्सॉ, म्हणजे लोखंड कापाची करवत, पुसत बसला होता.

"अबे, हे काय केलं?"

"आपण तिघं, ड्यूट्या तीन. पुस्तक एकच, कोणाले कधी भेटन? आता तिघंही संगंच वाचू. सुरुवात तुले ठेवली."

सकाळी तुकडे सुतळीनं बांधले, साहेबांच्या टेबलावर ठेवले अन् नामदेवचा प्रताप सांगून टाकला. साहेबांनी मधला तुकडा उचलून ऑफिसच्या फाइलीत घातला. फाइल बरोबर बंद झाली, बाहेरून पुस्तक दिसेचना.

मग इकडंतिकडं पाहून त्यांनी ड्रॉवरमधून दुसरी कादंबरी काढली.

"त्या फिटरला सांग, हिचे चार कर."