ऐन खेळात

वडील गेले होते. त्यांचा कॉम्प्युटर विकण्याआधी त्यातलं सगळं पुसून घ्यावं म्हणून ती दुकानातल्या बाकावर थांबली होती. काउंटरवर एक वयस्कर जोडपं दुकानदाराशी बोलत होतं.

“हजार वॉटचाच पॉवर सप्लाय द्या. आता कसर नको.”

“काका, नुसत्या आकड्याला भुलू नका. तुमच्या मशीनला साडेसहाशे पुरून उरतील. पण माल चांगल्या कंपनीचा हवा. खेळ रंगला की ग्राफिक्स कार्ड एकदम वीज ओढतं, तिथं हलका सप्लाय मान टाकतो.”

“अगदी अस्संच होतं! ऐन खेळात बंद.”

“अहो, खेळाचं काय घेऊन बसलात? भाऊ, आमची लेक परदेशात असते. रोज ही बापलेक मिळून खेळतात. हे मधेच गायब झाले की तिला वाटतं, बाबांनाच काही झालं. परवा मी बाहेर गेले होते, तर फोन करून तिनं शेजाऱ्यांना दार तोडायला पाठवलं!”

“आणि मी टेबलाखाली वायरी चाचपत होतो.”

“मग हा घ्या. दहा वर्षांची गॅरंटी.”

“ऐकलंत? तुमच्यापेक्षा जास्त.”

“बघू की, कोण आधी दमतं ते.”

“फक्त बसवायला उद्या जमेल, काका. आधी या ताईंचं काम घेतलंय.”

“उद्या? आज ती वाट बघत असेल हो.”

“यांचा आधी बसवा,” ती बाकावरून म्हणाली. “माझ्या बाबांच्या कॉम्प्युटरला आता घाई नाही.”

काकू येऊन तिला अगदी लागून बसल्या.

“थांबायचंच आहे तर सांग, तुझे बाबा काय खेळायचे?”